लेआउटची आजी, माझी बुढी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. थंडीचे दिवस होते. ऊन अर्ध्या अंगणात आलं होतं आणि आम्ही त्याच्या मागं मागं पोतं सरकवत होतो. शेंगा माझ्या चक्कीवर ज्वारी दळायला आलेल्या एका शेतकऱ्यानं दिल्या होत्या. मला दिल्या होत्या, तिला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण असं क्वचित व्हायचं.

ती सोलत होती, मी तोंडात टाकत होतो.

"सोलून राह्यले का चरून राह्यले?" ती म्हणाली.

"माह्या शेंगा हायेत. खाईन, नाईतर फेकीन."

"मंग ढोरावानी टरफलासकट खा ना. सोलाचे कष्ट काऊन घेता?"

तिच्यासमोर दोन भांडी होती. एक पातेलं आणि एक मोठी वाटी. मी पाहत होतो. टपोरा दाणा निघाला की वाटीत, बारका निघाला की पातेल्यात. पातेलं आमच्या घरचं, एवढं मला कळत होतं.

"वाटी कोणाची?"

"हाय कोणाची तरी."

कोणाची ते मला ठाऊक होतं. शेजारच्या खोलीत चार पोरी भाड्यानं राहायच्या. सावंगीच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायच्या. यवतमाळकडच्या, गडचिरोलीकडच्या. आल्या तेव्हा त्यांना भातसुद्धा धड शिजवता येत नव्हता.

"त्यायले टपोरे अन् आपल्याले किडके?"

"पोरी मायबाप सोडून आल्या हायेत बिचाऱ्या."

"माहे बी मायबाप नाई राह्यले."

"तुमी सोडून नाई आले ना. ते तुमाले सोडून गेले. कटाळून."

मला हसू आलं. मी रागात असताना ती मला हसवायची आणि आपल्या कामाला निघून जायची, हे मी तिला अजून माफ केलेलं नाही.

वाटी भरली. तिच्यावर ताटली झाकून तिनं ओट्यावर ठेवली. म्हणाली, "संध्याकाळी देईन पोरीयले. जराशी पाठ टेकते. स्वयंपाकाच्या टायमाले उठवजा."

उठवायला गेलो तर उठली नाही.

त्याचं पुढं सांगतो. आधी ती लेआउटची आजी कशी झाली ते सांगायला पाहिजे, कारण मी लग्न केलं ते आजीशी केलं नव्हतं.

बोरगाव मेघेच्या बाजूला कपाशीच्या वावरात प्लॉट पडून हा लेआउट, म्हणजे नवी वस्ती, झाला तेव्हा आम्ही इथं आलो. नव्वदच्या मागंपुढंची गोष्ट. खेड्यातली चक्की विकून इथं नवी टाकली. घरं दूर दूर होती, मधात बाभळी आणि डबरे. कोणी एसटीत, कोणी झेडपीत, कोणी दवाखान्यात, कोणाचं किराणा दुकान. तेली होते, कुणबी होते, बौद्धांची बरीच घरं होती. सगळे वेगवेगळ्या गावांहून आलेले. कोणी कोणाचं नात्यातलं नाही.

आमच्याकडे ज्या घरी मौत होते त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. त्या घरच्यांना पहिला घास बाहेरून येतो. कडू घास म्हणतात त्याला. बेसन आणि ज्वारीची भाकर. बेसन म्हणजे शहरातले लोक ज्याला पिठलं म्हणतात ते. खेड्यात हे काम भाऊकी करते. कोणाला सांगावं लागत नाही. पण इथं भाऊकी कुठून आणायची?

आमच्या मागच्या लाइनीत एसटीचा एक ड्रायव्हर वारला. तरणा माणूस. माती देऊन लोक आपापल्या घरी गेले. संध्याकाळी बुढी त्या घरी बसायला गेली आणि लगेच परत आली. पायरीवरूनच म्हणाली, "लेकरं उपाशी हायेत. त्या बाईच्या घरात कोणी काई आणून नाई दिलं."

मी म्हटलं, "तिच्या माहेरचे येतीन ना."

"माहेर चिमूरकडे हाय. तवरिक लेकरायनं काय खावं? तुमचं डोस्कं?"

तिनं चुलीवर बेसन टाकलं. मग भिंतीवरचं बांबूचं टोपलं काढलं. लग्नात तिच्या आईनं दिलेलं, शेणानं सारवलेलं टोपलं. त्यात धुतलेलं लुगडं अंथरलं आणि निघाली. प्रत्येक फाटकासमोर उभी राहून ओरडायची, "बाई वं, भाकर!" तिचा आवाज मोठा होता. एका घरून दोन भाकरी. कमी नको, जास्त नको.

त्या दिवसापासून हे काम तिचं झालं. कोणी तिला नेमलं नव्हतं.

पहिल्या काही वेळांत एक गोष्ट झाली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या घरी त्याचा बाप गेला. बुढी टोपलं घेऊन गेली. भाकरी तेव्हा घराघराच्या फडक्यात वेगळ्या बांधलेल्या असायच्या. किराणावाल्याच्या आईनं एकेक फडकं सोडून विचारलं, ही कोणाची, ती कोणाची. बौद्धांच्या घरच्या भाकरी तिनं उचलून बाहेरच्या भिंतीवर ठेवल्या, कुत्र्यासाठी. बुढीनं पाहिलं. तिथं काही बोलली नाही. मौतीचं घर होतं.

घरी येऊन मात्र भांडी आदळली. आणि पुढच्या वेळेपासून तिनं नियम केला. फडकं नाही. भाकर सरळ टोपल्यात. आणि दर दोन घरांनंतर ती टोपलं सुपासारखं हलवायची, वरची खाली, खालची वर. कोणी विचारलं तर म्हणायची, "मले काय मालूम कोणाची? टोपल्यात गेली का भाकर कोणाचीच नाई राहत."

दुसरा नियम, कोणी आपली भाकर परस्पर मौतीच्या घरी नेऊन द्यायची नाही. "एकएकटी नेली का मोजमाप सुरू होते. हिची आली, तिची नाई आली. टोपलं येईन तुमच्या दारी, त्यातच टाका." एका बाईनं हौसेनं डबा नेऊन दिला होता, तिला बुढीनं चौकात सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर कोणाची हिंमत झाली नाही. मौत झाली की घराघरात भाकरी थापल्या जायच्या आणि झाकून ठेवल्या जायच्या. टोपल्याची वाट पाहत.

लोकांना हे फार चांगलं वाटायचं. मला नाही वाटायचं.

मी जळायचो. दुसरा शब्द नाही माझ्याजवळ. एखाद्या माणसावर जळणं सोपं. त्याला शिव्या देता येतात, त्याच्या दारावरून जाताना थुंकता येतं. मी कोणाला शिव्या देऊ? मी अख्ख्या लेआउटवर जळत होतो. मेलेल्या माणसांवरही जळत होतो. कोणाच्या घरून रडण्याचा आवाज आला की लोक म्हणायचे, अरे रे. माझ्या मनात यायचं, गेली आता माझी दुपार.

चक्कीवर बाया यायच्या. डबा ठेवायच्या आणि माझ्या खांद्यावरून मागं पाहायच्या.

"आबाजी, आजी कुठी हाय?"

"मी हावो ना इथं."

"तुमाले काय करू?"

बरोबर आहे. मला काय करायचं? चक्कीवर पाटी माझ्या आडनावाची होती, पण सगळे आजीची चक्की म्हणायचे. पट्टा मी चढवायचो, पीठ माझ्या नाकातोंडात जायचं, आणि चक्की आजीची.

मौती रोज होत नाहीत. पण बाकीचंही होतंच. पोलिओचे थेंब असले की ही सकाळपासून लेकरं हाकायला. खेड्यातून कोणी पेशंट घेऊन आला आणि सावंगीच्या त्या मोठ्या दवाखान्यात कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते कळलं नाही, की ही त्याच्यासोबत. दवाखान्यातल्या वॉचमनलाही ती आजी होती. आणि घरी आली की नातीची आजी. सून नोकरीवर, पोरगा बुटीबोरीच्या कारखान्यात. नात जन्मल्यापासून हिच्याच कुशीत. तिची आंघोळ, तिचं तेल, तिची शाळा, तिची वेणी. माझी खाट त्यापायी बाहेरच्या खोलीत गेली ती परत आत आली नाही. मी खोकललो तर काढा यायचा, पण सुनेच्या हातून.

एकदा मी सिनेमाची दोन तिकिटं काढली. लग्नानंतर आम्ही सोबत टाकीजमध्ये गेलोच नव्हतो. चक्की बंद केली, दाढी केली. तिनं जांभळी साडी काढली, पावडर लावली. मी फाटकाची कडी काढली आणि समोरून झेडपीतल्या बाबूचा पोरगा धावत आला. "आजी, आमचे बाबा."

ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी म्हटलं, "जा."

"तुमी जाऊन या ना. तिकिटं वाया जातीन."

मी गेलो. खरंच गेलो. शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली, कोणी बसू नये म्हणून. एकानं येऊन विचारलं, "काका, इथं कोणी हाय का?"

मी म्हटलं, "हाय."

सिनेमा काय होता ते आठवत नाही. परत आलो तर ती जांभळ्या साडीतच चुलीपाशी बसली होती, अंगावर बेसनाचे शिंतोडे. म्हणाली, "कसा होता?" मी म्हटलं, "तू नाई राह्यली म्हणून हिरो बी मेला." ती एवढी हसली की नात जागी झाली.

माझी म्हणून एकच गोष्ट होती. हसू नका. ती भाकर थापून झाली की कडेला अंगठ्यानं एक दाब द्यायची. एकच. का म्हणून विचारलं तर म्हणे, काठ फाटू नये. काठ फाटणं आणि तो दाब यांचा काही संबंध नव्हता, मला माहीत होतं. ती सवय होती, तिच्या हाताची. माझ्या ताटात भाकर आली की मी ती फिरवून तो खळगा आधी शोधायचो आणि तिथूनच पहिला तुकडा मोडायचो. टोपल्यात ती स्वतःच्या घरच्या भाकरी टाकायची नाही, कारण आमच्या घरून बेसन जायचं. म्हणून तो खळगा लेआउटमध्ये कोणी पाहिलेला नव्हता. एवढं तरी माझं, असं मी धरून चाललो होतो.

लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारी लाइट गेली की चक्की बंद. अशाच एका दुपारी ती चुकून घरी होती. मी तिला म्हटलं, "एक सांग. उद्या मी मेलो, तर तू टोपलंच घेऊन फिरशीन ना?"

"अजी, काईच्या बाई बोलता. तुमी मेले तर मले सुतक नाई का राहणार? सुतकाचं माणूस दुसऱ्याच्या दारात जाते का? कोपऱ्यात बसून राहीन."

"म्हणजे मी मेल्यावरच तू घरी बसशीन!"

"हाव. म्हणून म्हणते, घाई नका करू. मले लई कामं हायेत."

"मंग माह्या वक्ताले टोपलं कोण फिरवीन?"

"फिरवीन कोणी."

"अन् तुह्या वक्ताले?"

तेवढ्यात लाइट आली आणि मी पट्टा चढवायला उठलो. हे बोलणं तिथंच राहिलं.

आता त्या दिवसाचं.

दुपारी एका डॉक्टरनं येऊन हात पाहिला आणि नाही म्हटलं. पोरगा बुटीबोरीहून मोटरसायकलवर आला. ऊन उतरायच्या आत माती द्यायची म्हणून सगळ्यांनी घाई केली. गर्दी एवढी होती की फाटकाच्या बाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. दवाखान्याचा वॉचमनसुद्धा आला होता, टोपी हातात घेऊन. माझ्या घरात मलाच बसायला भिंत सापडेना. बाया मोठमोठ्यानं रडत होत्या, "आमची आजी गेली वं माय!" मी एका बाजूला उभा होतो. एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबाजी, आमी पोरके झालो." मी तिच्याकडे पाहिलं. हिला मी ओळखतही नव्हतो. आणि ही पोरकी झाली होती.

घाटावरून आलो, आंघोळ केली, कडुलिंबाचा पाला चावला. जिथं तिला ठेवलं होतं तिथं दिवा लावलेला होता. लोक आले, हात जोडले, थोडं बसले, गेले. कोणी चहाची किटली आणली. मग अंधार पडला आणि येणारे कमी झाले. चूल थंड होती. सून कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती.

भाकर आली नाही.

मी दाराकडे पाहत होतो. इतकी वर्षं ज्या वेळेला ती टोपलं घेऊन दुसऱ्याच्या दारात जायची ती वेळ होऊन गेली. फाटक वाजलं नाही. नात माझ्याजवळ आली. म्हणाली, "आबाजी, भूक लागली." तिची आईही ऐकत होती, बापही ऐकत होता.

पोरगा म्हणाला, "बाबा, चौकातून पुरीभाजी आणतो."

"तुह्या मायच्या मौतीले हॉटेलचं खाशीन?"

"मंग काय करू? पोरगी उपाशी हाय. कोणी एक तुकडा आणून नाई दिला. एवढं केलं तिनं या लोकायसाठी."

"बस खाली."

ओट्यावर ती वाटी तशीच होती, ताटली झाकलेली. मी उचलून आणली. नातीला मांडीवर घेतलं आणि दोघांनी ते टपोरे सोले कच्चेच खाल्ले. सुनेनं दोन बिस्किटं शोधून दिली ती पोरीला दिली. नर्सिंगच्या पोरी शेजारच्या खोलीत होत्या, त्यांच्या खिडकीत उजेड होता. मी एकही दाणा ठेवला नाही.

आणि खरं लिहितो. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला आतून बरं वाटलं. भिंतीवर ते टोपलं टांगलेलं होतं. त्याच्याकडे पाहून मी मनात म्हटलं, पाहून घे तुझा लेआउट. किराणावाला पाहा, झेडपीवाल्याचं घर पाहा. कोण होतं तुझं? मीच होतो ना? आता तरी सांग.

असं बरं वाटता वाटताच डोळा लागला.

सकाळी नळ आले. गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू झाला. मी अंगणात बसलो होतो, शाल पांघरून, कालच्या टरफलांजवळ. टरफलं कोणी झाडली नव्हती. फाटकावर ती ड्रायव्हरची बाई आली. आता तिचीच पोरं बाप्ये झाली होती. आत आली नाही, कडी धरून उभी राहिली. इकडं तिकडं पाहिलं.

"आबाजी, टोपलं कवा येईन?"

"कोणतं टोपलं?"

"अवो, भाकरीचं. काल दिवस बुडाला तवाच्या भाकरी थापून ठेवल्या. वाट पाहू पाहू सारे झोपलो. म्या समजली किराणावाल्याची सून फिरवीन. ते समजली म्या फिरवीन. आता नळावर गोष्ट निंघाली तर समद्याच घरी भाकरी झाकल्याच हायेत."

"मंग आणून काऊन नाई दिल्या?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी या लेआउटचाच नाही.

"आजी किती कावे! एकएकटं नेऊन द्याचं नाई म्हणे. टोपलं येईन म्हणे."

माझं रात्रीचं बरं वाटणं तिथंच टरफलांत पडलं. मी समजत होतो लोक तिला विसरले. ते तर माझ्यासारखेच बसले होते. दारात कान लावून, तिच्या आवाजाची वाट पाहत.

"द्या ना इकडं," ती बाई म्हणाली, "म्या फिरवून आणते. बेसन माही सून करून राह्यली."

मी आत गेलो. भिंतीवरून टोपलं काढलं. बाहेर आणलं. ती हात पुढं करून उभी होती. माझ्या हातून टोपलं सुटेना.

"नाई," मी म्हटलं. "मी जातो."

पोरगा दारात आला. "बाबा, सुतक हाय आपल्याले. दुसऱ्याच्या दारात कसे जाता? लोक काय म्हणतीन?"

"दारात नाई जात. फाटकाबाहेर उभा राहीन. ते बी बाहेरच उभी राहे."

"मी जातो मंग. तुमी बसा."

"तू तिचा कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं. पोरगा दारातून बाजूला झाला. मग चपला घातल्या आणि निघालो.

पहिल्या फाटकाशी उभा राहिलो तर तोंडातून आवाज निघेना. "बाई वं, भाकर" हे बाईनं म्हणायचं बोलणं. म्हाताऱ्या माणसानं कसं म्हणावं? मी फाटकाची कडी वाजवली. बाई बाहेर आली, हातात दोन भाकरी. रात्रीच्या, गार, कडक झालेल्या. मला पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

"आमची आजी..."

"तुमची कुठची?" मी म्हटलं. "माही बायको होती. भाकर टाका."

तिनं टाकल्या. मी पुढं गेलो. प्रत्येक फाटकाशी तेच. कोणी रडायचं, कोणी म्हणायचं तुम्ही कशाला आले, कोणी माझ्या पायाकडे वाकायचं. मी टोपलं पुढं करायचो. टोपलं जड होत गेलं. एवढं जड घेऊन ती कशी ओरडत असेल, आणि वरून दर दोन घरांनंतर कशी हलवत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिच्यासोबत एकदाही फिरलो नव्हतो. मला तिनं कधी बोलावलंही नव्हतं.

कोपऱ्यावर किराणावाल्याची आई बाहेरच खुर्चीत बसलेली होती. आता कमरेत पार वाकलेली. डोळ्यांना दिसत नव्हतं फारसं. सुनेनं भाकरी टाकल्या. म्हातारीनं हात लांब करून टोपलं चाचपलं.

"हालवलं का?"

"काय?"

"टोपलं, बापा. तुही बुढी हालवे. हालव ना. माही भाकर वरच राहून राह्यली."

मी टोपलं हलवलं. माझ्या हातानं नीट जमलं नाही, एक भाकर खाली पडायला आली. तिच्या सुनेनं झेलली.

सगळी लाइन फिरून शेवटी आमच्या शेजारच्या खोलीशी आलो. चारही पोरी दारात उभ्या होत्या, पांढऱ्या ड्रेसमध्ये, ड्युटीवर निघालेल्या. एकीच्या हातात ताटली. तिच्यावर दोन भाकरी. जाड, एका बाजूनं करपलेल्या, गोल तर नाहीच.

"आबाजी, आम्हीपण केल्या," ती म्हणाली. "आजीनं शिकवल्या होत्या. चांगल्या नाही झाल्या."

"तुमच्यासाठी तिनं सोले काढून ठेवले होते," मी म्हटलं. "मी खाल्ले."

पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. दुसरी म्हणाली, "बरं केलं आबाजी."

मी भाकर उचलली, टोपल्यात टाकायला, आणि हात थांबला. कडेला खळगा होता. अंगठ्याचा. एकच.

"हे काय केलं?"

"ते? आजी म्हणायची असा दाब द्यायचा. काठ फाटत नाही म्हणे."

म्हणजे तेही देऊन टाकलं होतं. माझ्या ताटातलं. या पोरींना, ज्यांना भात शिजवता येत नव्हता. मला असा राग आला की टोपलं तिथंच ठेवून द्यावं वाटलं. पोरीचा अंगठा बारीक होता, खळगा लहान होता, पण जागा तीच. दाबही तसाच, जरासा डावीकडे.

दुसरी भाकर पाहिली. तिलाही होता.

मी एक भाकर टोपल्यात टाकली. टोपलं हलवलं. ती खाली गेली, कोणाचीच झाली. दुसरी हातात धरून उभा राहिलो. पोरी पाहत होत्या. त्यांना टोपल्याचा नियम माहीत होता, त्यांना तिनं तोही शिकवला असणार.

"आबाजी, ती राहिली," एक म्हणाली.

"राह्यली तर राह्यली," मी म्हटलं, आणि ती भाकर शालीच्या आत, छातीशी धरली. मग टोपलं कमरेवर घेऊन घरी आलो.